कोतवाल पहारा देतो की हप्ता घेतो? (रानातले मिश्र थवे)

आडवाट | ७ डिसेंबर, रात्री ९:४०

पक्ष्यांच्या बाबतीत मी लिंबूटिंबू आहे, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटले तर सांभाळून घ्या.

गेल्या रविवारी आंबोलीत होतो. उजाडताच हिरण्यकेशीच्या वाटेला लागलो. डोक्यात एकच पक्षी, कर्णा. एक बरी जागा बघून ट्रायपॉड लावला आणि पाऊण तास उभा राहिलो. काही म्हणजे काही नाही. रान इतकं गप्प की जॅकेटच्या चेनचा आवाजही मोठा वाटायला लागला. कंटाळून थर्मास उघडला, चहा ओतला, आणि डावीकडच्या झाडोऱ्यातून बारीक किचकिच सुरू झाली. आधी सात-आठ मातकट रंगाचे, चिमणीएवढे पक्षी झुडपांतून उड्या मारत आले. त्यांच्या मागोमाग वरच्या फांद्यांत निखार, नर शेंदरी आणि माद्या पिवळ्या. एक निळसर शिलींध्री खोडावरून डोकं खाली करून उतरत होती. चष्मेवाले, वल्गुली, एक सुतार, निळ्या माशीमारासारखं काहीतरी. आणि या सगळ्यांच्या मधोमध आडव्या वेलीवर भृंगराज, कोतवालाच्याच घराण्यातला, शेपटीची ती दोन लांब पिसं लोंबकळत. मला ओळखता आल्या त्या अकरा जाती. चार-पाच मिनिटांत सगळी वरात उजवीकडे निघून गेली आणि पुन्हा सामसूम. चहा हातात निवला, फोटो शून्य.

हे सगळे योगायोगाने एका झाडावर जमले होते, की ठरवून एकत्र हिंडतात? हिंडत असतील तर भांडत कसे नाहीत? आणि तो भृंगराज मध्ये बसून नक्की करत काय होता? बराच वेळ नुसता मान फिरवून बघत होता.

सह्यवेडी | ७ डिसेंबर, रात्री १०:०५

अहो, फोटो शून्य म्हणून काय रडताय! तुम्ही "हंटिंग पार्टी" बघितलीत. काही लोक वर्षभर घाटात हिंडतात आणि त्यांच्या वाट्याला एक धड येत नाही.

सविस्तर दुर्बीणदादा सांगतील. त्यांनी हेच काम केलंय.

दुर्बीण | ८ डिसेंबर, सकाळी ७:१५

ताईंनी मला पुढे ढकललंच आहे, तर लिहितो.

जुने पक्षीनिरीक्षक "हंटिंग पार्टी" म्हणतात, अभ्यासक "मिक्स्ड-स्पीशीज फ्लॉक". आपण मिश्र थवा म्हणू. योगायोग नाही हा. उंबर पिकला की त्यावर हरियाल, बुलबुल, तांबट, हळद्या सगळे जमतात. ती गर्दी झाडापुरती असते, फळं संपली की जो तो आपल्या वाटेने. मिश्र थव्यात झाड मागे पडतं आणि मंडळी मात्र एकत्रच पुढे सरकतात.

मी एका संशोधन प्रकल्पात दोन हंगाम मदतनीस होतो. ठरलेल्या वाटेने सावकाश चालायचं, थवा दिसला की वही काढायची. कोण आहे, किती आहेत, जमिनीपासून किती उंचीवर, पुढे कोण, मागे कोण. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात एका हाताने दुर्बीण, दुसऱ्याने पेन्सिल आणि पायाला जळवा. पहिल्या महिन्यातल्या माझ्या नोंदी सरांनी बाजूला काढून ठेवल्या होत्या, कारण मी सगळ्यांच्या डोक्यावरचे निखार मोजले आणि झुडपातलं कोणी बघितलंच नव्हतं.

तुमचा पाऊण तास रिकामा का गेला, याचं उत्तरही थव्यातच आहे. त्या पट्ट्यातले किडे खाणारे बरेचसे छोटे पक्षी एका ठिकाणी गोळा होऊन हिंडत असतात. गाव जत्रेला गेलं की गल्ली ओस पडते, तसं उरलेलं रान रिकामं वाटतं. पावसाळा सरल्यापासून विणीचा हंगाम येईपर्यंत हे जास्त दिसतं. थंडीत हिमालयाकडून उतरलेले पर्ण वटवट्येही त्यात घुसतात. उन्हाळ्याच्या तोंडावर जोड्या जमल्या की घरट्याची जागा सोडून भटकणं परवडत नाही, मग थवे विरळ होतात.

आता भांडण. प्रत्येकाचं ताट वेगळं असतं. शिलींध्री सालीच्या फटी उचकते, आणि डोकं खाली करून उतरत असल्यामुळे वर चढणाऱ्या सुताराच्या नजरेतून सुटलेलं तिला सापडतं. वल्गुली डहाळीच्या टोकाला उलटा लटकतो. निखार शेंड्याची पानं चाळतात. तुमचे मातकट पक्षी झुडपातली पानं आणि वाळकी गुंडाळी झालेली पानं उलटीपालटी करतात. भृंगराज यातलं काहीच करत नाही. बाकीच्यांच्या धांदलीत जे उडतं, ते तो हवेत पकडतो.

त्या मातकटांचं नाव ब्राउन-चीक्ड फुलवेट्टा. तुम्ही त्यांना एका ओळीत उरकलंत. पुढे त्यांच्याबद्दल बोलूच.

तिखटमीठ | ८ डिसेंबर, सकाळी ९:३०

अकरा जाती एका पंगतीला! माणसांना जमत नाही ते पाखरांना जमतं. किती सुंदर.

रोखठोक | ८ डिसेंबर, सकाळी ९:५२

पंगत कुठली? पंगतीत कोणीतरी वाढणारा असतो. इथे जो तो आपल्या पोटाचं बघतोय आणि शेजाऱ्याचा उपयोग करून घेतोय. सकाळची ८:१२ची लोकल म्हणा फार तर. रोज तेच चेहरे, एकमेकांना जागा धरतात, आणि दादर आलं की कोण कुणाचा.

बांधावरचा | ८ डिसेंबर, दुपारी १:२०

रानातलं मला ठावं नाही, शेतातलं सांगतो. नांगरट चालू असली की ट्रॅक्टरच्या मागं गायबगळे, साळुंक्या आणि कोतवाल हटकून असतात. फाळानं ढेकळं उलटली की हुमणी, किडे वर येतात. बगळं नि साळुंक्या जमिनीवरचं टिपतात, उडालं ते कोतवाल. ट्रॅक्टर नव्हता तवा म्हशीच्या पाठीवर बसून हेच करायचा. म्हंजे म्हशीच्या जागी तुमचे ते मातकट पक्षी, एवढाच फरक.

आणि हप्ता घेतो का म्हणाल, तर घेतो. माझ्या बांधावरच्या बाभळीवर एक असतो. साळुंकीच्या चोचीत जाड अळी दिसली की हा असा काही किंचाळतो, जणू शिक्राच आला. साळुंकी अळी टाकून पळती, हा खाली उतरून अळी उचलतो. शिक्रा कुठंच नसतो. एकदा न्हाई, धा वेळा बघितलंय.

गोट्या_बर्लिन | ८ डिसेंबर, संध्याकाळी ६:४५

काका, चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच! आणि तुमचं निरीक्षण अगदी शास्त्रीय निघालं बरं का.

आफ्रिकेत कालाहारीच्या वाळवंटात दुभंगलेल्या शेपटीचा एक कोतवाल आहे, आपल्याकडच्या काळ्या कोतवालाचा भाऊबंदच. टॉम फ्लॉवर नावाच्या संशोधकाने वर्षानुवर्षं त्याचा माग काढला. हा कोतवाल पाइड बॅबलर (म्हणजे तिथले सातभाई) आणि मीरकॅट (मुंगसाच्या कुळातले छोटे प्राणी) यांच्यामागे हिंडतो. खरा ससाणा आला की खरा इशारा देतो, त्यामुळे सगळ्यांचा विश्वास बसलेला. मग कोणी मोठा विंचू किंवा अळी उकरून काढली की हा खोटा इशारा देतो, ते आडोशाला धावतात आणि माल याचा. २०१४ साली "सायन्स"मध्ये आलेल्या अभ्यासानुसार त्याच्या दिवसाच्या खाण्यातला सुमारे २३ टक्के भाग असा लुबाडलेला असतो.

त्याहून भारी म्हणजे, एकाच आवाजाला लोक सरावले की तो आवाज बदलतो. दुसऱ्या पक्ष्यांच्या, अगदी मीरकॅटच्याही इशाऱ्याची नक्कल करतो. साठा पन्नासेक आवाजांचा. लांडगा आला रे आला ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण त्या पोराला प्रत्येक वेळी नवीन जनावराचं नाव घ्यायचं सुचलं असतं तर गाव कायम धावत आलं असतं.

तिखटमीठ | ८ डिसेंबर, संध्याकाळी ७:१०

म्हणजे कुंपणच शेत खातंय. नाव तरी काय समर्पक, कोतवाल.

रोखठोक | ८ डिसेंबर, संध्याकाळी ७:१४

+१. आमच्या चौकातल्या कोतवालाबद्दल इथे लिहीत नाही, धागा उडेल.

दुर्बीण | ८ डिसेंबर, रात्री १०:३०

थांबा, थांबा. एका कालाहारीवरून सगळ्या कोतवालांना तुरुंगात टाकू नका. आडवाटांनी बघितला तो भृंगराज, वेगळी जात, आणि घनदाट रानातला. त्याच्याबद्दल सगळ्यात चांगली माहिती श्रीलंकेतल्या सिंहराजा अरण्यातून आली आहे. तिथे सरत कोटगामा यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून थव्यांच्या नोंदी ठेवल्या आणि पुढे एबन गुडेल त्यांच्याबरोबर आले. तिथला थवा आपल्यापेक्षा मोठा, सरासरी दहा-अकरा जाती आणि चाळीसेक पक्षी. जवळजवळ प्रत्येक थव्यात दोघं हमखास, नारिंगी चोचीचे सातभाई आणि भृंगराजाचा तिथला भाऊ.

त्या दोघांच्या इशाऱ्यांची त्यांनी तुलना केली. सातभाई संख्येने जास्त, म्हणून डोळे जास्त, काहीही हललं की ओरडतात. पान पडलं तरी. कोतवाल कमी वेळा ओरडतो, पण तो ओरडला तर बहुतेक वेळा खरंच काहीतरी असतं. एक घाबरट आणि एक भरवशाचा. बाकीचे छोटे पक्षी दोघांचंही ऐकतात. आपल्या सोसायटीत कुत्रं भुंकलं तर कोणी उठत नाही, वॉचमनने शिट्टी मारली की खिडकीत येतात, तसं काहीसं.

नकला तोही करतो, आणि त्याही गंमतशीर. धोका असताना शिकारी पक्ष्याचे आवाज आणि इतरांचे भीतीचे आवाज काढतो. निवांत असताना सोबत्यांची साधी गाणी नि बोलणी म्हणतो. त्यांनी दोन प्रकारची ध्वनिमुद्रणं रानात वाजवून पाहिली, एक नकलांसकट आणि एक नकलांशिवाय. नकलांसकट वाजवलेल्याला जास्त पक्षी जमले. म्हणजे हा पहारेकरी आपलं गिऱ्हाईक स्वतःच हाका मारून गोळा करतो. गिऱ्हाईक जमलं की त्याचं पोट लवकर भरतं, कारण थव्यात असताना त्याचा खाण्याचा वेग वाढतो, हेही मोजलेलं आहे.

लुबाडणूक माझ्या दोन हंगामांत मी मोजून तीनदा पाहिली. तिन्ही वेळा सुताराकडून.

आता मूळ प्रश्न, एकत्र का हिंडतात. पहिलं कारण जीव. शिक्रा किंवा बेसरा झाडीतून तीरासारखा येतो, त्याला आधी बघणं हाच काय तो बचाव. डोळे जास्त तर प्रत्येकाने मान वर करून बघायची वेळ कमी, आणि तो वेळ खाण्याला. शिवाय शिक्रा एकालाच उचलणार, मग आपण चाळिसांतले एक असलेलं बरं. हॅमिल्टन नावाच्या जीवशास्त्रज्ञाने १९७१ साली हा हिशेब मांडला, कळपात शिरणारा प्रत्येक जण शेजाऱ्याच्या आड लपतोय. दुसरं कारण अन्न. बांधावरच्या काकांनी सांगितलं तसे उडालेले किडे, आणि दुसऱ्याला कुठे मिळतंय ते बघून तिकडे जाणं.

हे सगळं एकाच जातीच्या थव्यातही मिळतं, मग परके कशाला? कारण आपल्याच जातभाईला तीच अळी हवी असते जी आपल्याला हवी. परका डोळे देतो आणि ताटात हात कमी घालतो.

सह्यवेडी | ९ डिसेंबर, सकाळी ८:००

दादा, मग त्या हरी श्रीधर आणि कार्तिक शंकर यांच्या अभ्यासाचं काय? त्यात तर उलटंच निघालं होतं ना?

दुर्बीण | ९ डिसेंबर, सकाळी ८:४०

पकडलंत. वरचं शेवटचं वाक्य मी फारच ठासून लिहिलं.

त्यांनी २०१२ साली जगभरच्या थव्यांची माहिती एकत्र करून पाहिली. एकमेकांना जास्त धरून राहणाऱ्या जाती बऱ्याचदा आकाराने आणि खाण्याच्या पद्धतीने एकमेकींसारख्याच निघाल्या. म्हणजे ताटं जितकी वेगळी तितकी सोबत घट्ट, हा आपला सरळ हिशेब तिथे बसला नाही. थोडा विचार केला की पटतं. माझ्याएवढाच, माझ्यासारखाच खाणारा पक्षी जिथे रमला, तिथे मलाही मिळणार. माझा वैरी तोच त्याचा वैरी, म्हणून त्याचा इशारा माझ्या कामाचा. आणि दोघांचा चालण्याचा वेगही जुळतो, हे मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. थव्याबरोबर राहायचं तर थव्याच्या गतीने जावं लागतं. ज्याला एका खोडावर वीस मिनिटं ठोकायचंय, त्याची फरपट होते. सुतार थव्यात येतो आणि सुटतो, येतो आणि सुटतो, ते त्यामुळे असावं.

त्याच गटाने आपल्या शेजारी, कारवारजवळच्या अणशीच्या रानातही काम केलं. ज्या जाती मुळात आपल्याच भाऊबंदांच्या टोळीने राहतात, त्यांच्याभोवती बाकीचे गोळा होतात, असं त्यांना दिसलं. २०१४ साली ते छापून आलं.

आता परत त्या मातकट पक्ष्यांकडे. फुलवेट्टा टोळीनेच राहतात, सतत किचकिचतात आणि पुढे चालतात. बाकीच्यांना थवा कुठे आहे ते त्यांच्या बडबडीवरून कळतं. माझ्या वहीत "पुढे कोण" या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा त्यांचंच नाव आहे. फोटो मात्र सगळ्यांना भृंगराजाचा हवा असतो, नाहीतर कर्ण्याचा. :)

म्हादई | ९ डिसेंबर, सकाळी ११:२५

अणशीला लागूनच आमचं गोव्यातलं खोतीगाव. तिथे आणि मोलेला हे थवे मीही बघते. आमच्याकडे ब्लॅक-नेप्ड मोनार्क नावाचा निळा पक्षी थव्याच्या मधल्या मजल्यावर नेहमी असतो, आडवाट यांचा "माशीमारासारखा" तोच असेल.

एक तक्रार. मागच्या थंडीत एका वाटेवर चार-पाच कॅमेरेवाले ब्लूटूथ स्पीकरवर भीतीचे आवाज लावून बसले होते. पक्षी गोळा होऊन वीस मिनिटं ओरडत राहिले. त्यांच्यासाठी ती वीस मिनिटं न खाल्लेली. वर दुर्बीण यांनी लिहिलेला ध्वनिमुद्रणाचा प्रयोग वाचून कोणाला कल्पना सुचू नये म्हणून लिहिलं.

आडवाट | ९ डिसेंबर, दुपारी १२:०२

म्हादईताई, मला खरंच सुचली होती. रद्द.

ओहायोची_आजी | ९ डिसेंबर, रात्री ८:५०

बाळांनो, धागा वाचून राहवलं नाही. मी लेकीकडे ओहायोत आहे, बाहेर गुडघाभर बर्फ. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर जावयाने दाण्यांचा डबा टांगलाय, त्यावर चिकडी येतात. आपल्या वल्गुलीची चुलत बहीण, काळी टोपी, काळा गळा. तिच्याबरोबर टफ्टेड टिटमाउस, पांढऱ्या पोटाची शिलींध्री आणि एक एवढासा ठिपक्याठिपक्यांचा सुतार. चौघं एकत्रच येतात, एकत्रच जातात.

इथल्या वाचनालयातल्या एका मासिकात वाचलं ते सांगते. इथेच ओहायोत डॉल्बी आणि ग्रब या दोघांनी शेतांमधल्या छोट्या छोट्या रानांतून चिकडी आणि टिटमाउस काढून घेतले आणि मागे राहिलेल्यांचं काय होतं ते पाहिलं. १९९८ची गोष्ट. सुतार आणि शिलींध्री सारखे माना वर करकरून बघायला लागले. शिलींध्रीचं अंगही उतरलं. ते कसं कळलं? शेपटीचं एक पीस उपटलं की नवीन उगवतं, त्यावर रोजच्या वाढीचे पट्टे असतात. ज्याला पोटभर मिळतं त्याचे पट्टे रुंद. पिसावर रोजची नोंद, आपल्या दूधवाल्याच्या वहीसारखी.

चिकडीचं बोलणंही साधं नाही. बसलेलं घुबड दिसलं की ती "चिक-अ-डी-डी-डी" करते. मोठं घुबड असेल तर "डी" कमी, आणि छोटं पिग्मी घुबड असेल तर "डी" जास्त. मला वाटलं छापताना उलट झालं. पण नाही. मोठ्या घुबडाला एवढीशी चिकडी झाडीत पकडता येत नाही, छोटंच खरं धोक्याचं. २००५ साली टेंपलटन आणि मंडळींनी हे मोजलं, आणि दोन वर्षांनी दाखवलं की शिलींध्रीला चिकडीची ही भाषा कळते, नुसत्या "डी"वरून तिला घुबड कुठलं ते समजतं.

माझी नात म्हणते, आजी, इव्हज-ड्रॉपिंग. मी म्हटलं, वाड्यात राहिली असतीस तर तुला हे नवीन वाटलं नसतं. आमच्या वाड्यात भाजीवाला आलाय की वसुलीवाला, हे पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या कडी लावण्याच्या आवाजावरून अख्ख्या वाड्याला कळायचं.

गोट्या_बर्लिन | १० डिसेंबर, दुपारी ३:१५

आजी, दंडवत. काकूंची कडी हे आता मी सगळीकडे सांगणार.

थोडं आवाजाबद्दल. बसलेल्या घुबडाला सगळे मिळून ओरडून हैराण करतात, तो आवाज मोठा, खरखरीत, कुठून येतोय ते लगेच कळणारा, कारण मदतीला लोक हवे असतात. उडत आलेल्या ससाण्यासाठीचा आवाज बारीक, उंच पट्टीचा "सीऽऽ". तो कुठून आला हे ससाण्याला धड उमगत नाही. पीटर मार्लरने १९५५ साली हा फरक दाखवला. आणि वेगवेगळ्या जातींचे हे "सीऽऽ" एकमेकांसारखे वाटतात. घाबरल्यावर सगळ्यांची बोली एक होते.

खोटेपणात कालाहारीच्या कोतवालाला जोडीदार आहेत. पेरूतल्या मानूच्या रानात चार्ल्स मनने १९८६ साली दाखवलं की तिथल्या थव्यांचे पहारेकरी पक्षी, एक झाडांच्या शेंड्यातला आणि एक खालच्या झाडीतला, एरवी इमानाने पहारा देतात. पण सोबती आणि आपण एकाच किड्यामागे झेपावलो की ससाण्याचा इशारा ठोकून देतात. समोरचा क्षणभर बिचकतो, तेवढा क्षण पुरतो.

रोखठोक | १० डिसेंबर, दुपारी ३:४०

तरी बाकीचे त्याला हाकलत का नाहीत?

दुर्बीण | १० डिसेंबर, रात्री ९:५५

चूक कोणत्या बाजूची महाग पडते ते बघा. खोटा इशारा खरा मानला तर एक अळी गेली. खरा इशारा खोटा मानला तर जीव गेला. अळी परवडते. हप्ता पहाऱ्याच्या किमतीपेक्षा कमी आहे तोवर कोणी तक्रार करत नाही.

आता मला छळणारा प्रश्न सांगतो. मागून येणाऱ्यांचा फायदा बऱ्याच ठिकाणी मोजलाय, खाणं वाढतं, मान वर करणं कमी होतं. पण पुढे चालणाऱ्या फुलवेट्टाला काय मिळतं? तो वाट काढतो, किडे उडवतो, बडबडून सगळ्यांना बोलावतो. बदल्यात कोतवालाचा पहारा मिळत असेल, ते एक झालं. बाकीचे नऊ? मला तर वाटतं ते नुसते मागे लागलेत आणि याला त्यांना झटकता येत नाही.

सह्यवेडी | ११ डिसेंबर, सकाळी ७:३५

अवांतर: हेन्री बेट्स नावाचा इंग्रज निसर्गअभ्यासक अकरा वर्षं ॲमेझॉनच्या रानात होता. तोही तुमच्यासारखाच, आडवाट. दिवसचे दिवस रान मुकं आणि मग एकदम चहूबाजूंनी पक्षीच पक्षी. १८६३ साली त्याने हे लिहून ठेवलं, आणि तिथल्या आदिवासींची एक समजूतही नोंदवली. एक छोटासा करडा पक्षी असतो, त्याने सगळ्यांवर मोहिनी घातलेली असते, आणि तो पुढे, बाकीचे त्याच्या मागे झाडीतून नाचत फिरतात. बेट्स त्याला भाबडी दंतकथा म्हणाला. किड्यांसाठीची भटकंती आहे हे त्याला कळलं होतं, लोकांना नाही, असा त्याचा सूर.

आता दुर्बीणदादांचा "पुढे कोण"चा रकाना वाचा आणि सांगा, जास्त बरोबर कोण होतं?

दुर्बीण | ११ डिसेंबर, सकाळी ७:५०

हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

आडवाट | १३ जानेवारी, रात्री ८:२०

मंडळी, धागा वर काढतोय. परवा पुन्हा आंबोलीला जाऊन आलो. ट्रायपॉड मुद्दाम घरी ठेवला.

दुर्बीणदादांनी सांगितलं तसं फुलवेट्टाच्या किचकिचीवर कान ठेवून चाललो. सव्वा तासाने सापडले. मग त्यांच्याबरोबर चाललो, म्हणजे वाट जिथे नेईल तिथपर्यंत. एकूण तेवीस मिनिटं. वहीतलं जसंच्या तसं उतरवतो: फुलवेट्टा ९ की १०, पुढे. भृंगराज २, एक मध्ये, एक मागे. निखार ५, वर. शिलींध्री ३. मोनार्क १. चष्मेवाले मोजता आले नाहीत. सुतार १, दोनदा मागे राहिला, दोनदा उडत येऊन गाठलं (दादा!). वटवट्या १, कुठला ते विचारू नका. पिवळ्या भुवईचे बुलबुल ४.

एकदा भृंगराज कर्कश्श ओरडला आणि सगळे जिथल्या तिथे गोठले. मीसुद्धा, का ते सांगता येत नाही. सेकंदभराने डोक्यावरून काहीतरी झपकन गेलं, नीट दिसलं नाही. अर्ध्या मिनिटाने पहिली किचकिच झाली, पुन्हा फुलवेट्टाचीच, आणि सगळी वरात हलली. त्यानंतर दहाएक मिनिटांनी तो तसाच ओरडला. सगळे पुन्हा गोठले. वर काहीच नव्हतं. शिलींध्रीने काहीतरी टाकलं आणि भृंगराज झपकन खाली गेला. उचललं की नाही ते पान मध्ये आल्यामुळे दिसलं नाही.

कर्णा या वेळीही नाही. सव्वा तास चाललो तेव्हा मात्र एक फुलवेट्टा गात होता, किचकिच नव्हे, चांगली शीळ. वरखाली जाणारी, कोणीतरी काहीतरी मागतंय अशी.

म्हादई | १३ जानेवारी, रात्री ८:४५

त्या शिळेला इंग्रजीत बोलणारे पक्षीनिरीक्षक "डॅडी गिव्ह मी चॉकलेट" म्हणतात. एकदा कानात बसलं की दुसरं काही ऐकूच येत नाही.

बांधावरचा | १३ जानेवारी, रात्री ९:३०

आपला पावशा "पेर्ते व्हा" म्हणतो आणि ह्याला चॉकलेट पायजे? ह्याला मराठी बोल द्या कोणीतरी.

तिखटमीठ | १३ जानेवारी, रात्री ९:४१

"आई मला लाडू दे ना"?

रोखठोक | १३ जानेवारी, रात्री ९:४४

"मागे कोण येतंय बघा". दुर्बीणच्या प्रश्नासकट.

ओहायोची_आजी | १४ जानेवारी, सकाळी ६:१०

यूट्यूबवर ऐकलं. तीनदा. ते स्पष्ट "अगं सखू, चहा ठेव ना" म्हणतंय. आडवाट, तुझ्या थर्मासकडे बघूनच म्हणालं असेल.